यूएसबी-सी कंट्रोलरमध्ये डिस्प्लेपोर्टची पिन असाइनमेंट कशी ठरवावी

ठाण्याहून सुटलेली ट्रान्स-हार्बर लोकल तुर्भ्यानंतर वाशीकडे जाणार की नेरूळ-पनवेलकडे, हे फलाटावरचा इंडिकेटर सांगतो. पण गाडीला प्रत्यक्ष वळवतो तो रुळांतला सांधा. यूएसबी-सी जोडणीतून डिस्प्लेपोर्टने, म्हणजे पडद्याला चित्र पुरवण्याच्या मानक पद्धतीने, चित्र बाहेर काढताना नेमकी हीच विभागणी असते. कंट्रोलर चिप सीसी या संवादाच्या वायरवरून समोरच्या उपकरणाशी बोलून कोणती पिन असाइनमेंट, म्हणजे कोणत्या पिनांवर काय जाणार याची मांडणी, वापरायची हे ठरवते, आणि बोर्डावरचा मल्टिप्लेक्सर, ज्याला आम्ही सगळे मक्स म्हणतो, त्यानुसार लेन, म्हणजे वेगवान तारांच्या जोड्या, वळवतो. महाप्याच्या आमच्या कार्यशाळेत कोऱ्या पडद्याची जी प्रकरणे आली, त्यांतील बहुतेकांत इंडिकेटर एक सांगत होता आणि सांधा दुसरीकडे लागलेला होता. म्हणून कॉन्फिगरेशनचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डाचा जोडणी-नकाशा, उघडावे, आणि जे बोर्डावर खरोखर जोडलेले आहे तेवढेच जाहीर करावे.

चोवीस पिनांच्या या कनेक्टरमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. असाइनमेंट सी मध्ये चारही जोड्या डिस्प्लेपोर्टला मिळतात. डी मध्ये दोन डिस्प्लेपोर्टला आणि दोन यूएसबी ३ ला. ई मध्येही चारही लेन चित्रासाठीच असतात, परंतु ती एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्टचा प्लग असलेल्या केबलसाठी आहे, आणि तीत लेनचा क्रम बदलतो, शिवाय एसबीयू या दोन जादा पिनांवरील ऑक्सची, म्हणजे पडद्याशी बोलणाऱ्या जोडीची, धन-ऋण बाजूही उलटते. ए, बी आणि एफ या असाइनमेंट पुढे मानकातून बाद ठरवल्या गेल्या. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे चौकोन अजून दिसतात. नव्या डिझाइनमध्ये त्यांवर खूण करू नये.

सी की डी, हा प्रश्न शेवटी बँडविड्थचा आहे. डिस्प्लेपोर्टच्या एचबीआर२ या वेगाने प्रत्येक लेनवर सेकंदाला ५.४ गिगाबिट जातात, पण ८बी/१०बी एन्कोडिंगमुळे (दर ८ बिटांसाठी १० पाठवावे लागतात) त्यांतील ८० टक्केच उपयोगी पडतात, म्हणजे दोन लेनवर ८.६४ गिगाबिट. फोर-के चित्राला ६० हर्ट्झवर, २४ बिट रंगात, साधारण १२.८ गिगाबिट लागतात, त्यामुळे डी वर तो पडदा ३० हर्ट्झवर उतरतो. त्याहून वेगवान एचबीआर३ असेल तर दोन लेनवर १२.९६ मिळतात आणि काम जेमतेम भागते. वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखान्यात फुल एचडी पडदा लावायचा असेल, तर त्याला सुमारे ३.६ गिगाबिट पुरतात आणि डी उत्तम. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो, तो असा की सी निवडल्यावर यूएसबी पूर्ण बंद पडते. यूएसबी २ च्या तारा वेगळ्या असल्यामुळे माऊस, कीबोर्ड आणि बारकोड स्कॅनर सी मध्येही चालतात. मंदावतात ते वेगवान डिस्क आणि कॅमेरे.

आता क्षमता सांगणारा ३२ बिटांचा शब्द भरावा. खालचे दोन बिट भूमिका सांगतात: चित्र देणाऱ्या उपकरणासाठी १०, घेणाऱ्यासाठी ०१. बिट २ ते ५ मध्ये सिग्नलिंगसाठी ०००१ लिहावे. बिट ६ मध्ये सॉकेट असल्यास १, आणि केबल कायमची जोडलेली असून टोकाला प्लग असल्यास ० येतो. असाइनमेंटच्या बाइटमध्ये, षोडशमान पद्धतीत, सी म्हणजे ०४, डी म्हणजे ०८ आणि ई म्हणजे १०. त्यामुळे सी, डी आणि ई तिन्ही देणाऱ्या संगणकाच्या सॉकेटचा शब्द १सी४६ होतो (यातला सी म्हणजे असाइनमेंट नव्हे, षोडशमान अंक). मक्सला ऑक्स उलटवता येत नसेल तर ई काढून सी४६ लिहावे; मग त्या विशिष्ट केबलवर चित्र येणार नाही हे ग्राहकाला आधीच सांगावे, तक्रार आल्यावर नव्हे. सी आणि डी घेणाऱ्या मॉनिटरच्या सॉकेटसाठी सी००४५ येतो. खरा सापळा प्लगवाल्या डॉकमध्ये (एकाच केबलवर पडदा आणि इतर उपकरणे जोडणाऱ्या डब्यात) आहे: बिट ६ शून्य झाल्याबरोबर घेणाऱ्या बाजूच्या असाइनमेंट बिट १६ ते २३ मधून बिट ८ ते १५ मध्ये सरकतात, म्हणून तेथे सी०५ लिहावे लागते. मॉनिटरचा शब्द डॉकसाठी उचलून फक्त बिट ६ शून्य केल्यास संगणकाला एकही समान असाइनमेंट सापडत नाही.

यानंतर सांध्याची पाळी. कंट्रोलरच्या जीपीआयओ, म्हणजे सॉफ्टवेअरने ठरवता येणाऱ्या पिना, मक्सच्या पिनांशी जुळवाव्यात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीयूएसबी१०४६ मध्ये सीटीएल१ पिन हाय केल्यास डिस्प्लेपोर्ट सुरू होतो आणि सीटीएल० हाय केल्यास यूएसबी ३; म्हणजे सी साठी फक्त सीटीएल१, डी साठी दोन्ही. प्लग कोणत्या बाजूने घातला आहे हे फ्लिप पिन सांगते, आणि ती कंट्रोलरच्या दिशासूचक जीपीआयओला जोडलेली असावी. पडदा जोडला गेल्याची एचपीडी सूचना या केबलमध्ये स्वतंत्र तारेने येत नाही, ती सीसी वरील संदेशांतून येते. त्यामुळे चित्र देणाऱ्या बाजूला एचपीडीची जीपीआयओ आउटपुट ठेवावी आणि ती ग्राफिक्स चिपपर्यंत न्यावी. मॉनिटरमध्ये हीच दिशा उलटी असते.

फर्मवेअर फ्लॅशमध्ये लिहून झाल्यावर नुसते रीस्टार्ट करून भागत नाही. बॅटरीवरच्या उपकरणात कंट्रोलरला वीज मिळतच राहते आणि जुनी मांडणी चालू राहते, म्हणून वीज पूर्ण तोडावी. मग सीसी वरचा संवाद विश्लेषकावर पाहावा. समोरचे उपकरण एफएफ०१ हा डिस्प्लेपोर्टचा क्रमांक सांगते, क्षमतेचा शब्द देते, मोडमध्ये प्रवेश होतो, स्थिती कळते आणि शेवटी कॉन्फिगर संदेश जातो. त्यात ४०६ दिसल्यास सी आणि ८०६ दिसल्यास डी लागली असे समजावे. स्थितीच्या शब्दात बिट ४ एक असेल तर मॉनिटर डी मागत आहे. ती मागणी डावलल्यास त्याच्यातला हब यूएसबी २ वर घसरतो.

सगळा संवाद सुरळीत असूनही पडदा कोरा राहिला, तर आधी केबल बदलावी. ठाणे स्टेशनबाहेर घेतलेल्या एका केबलने माझे दीड दिवस खाल्ले: ती फक्त चार्जिंगची होती, तीत सीसी होती म्हणून ४०६ व्यवस्थित जात होता, पण एसबीयू आणि वेगवान जोड्या नव्हत्याच. केबल चांगली असेल तर प्लग उलटा करून पाहावा. एका बाजूने चित्र येऊन दुसऱ्या बाजूने येत नसेल, तर क्षमतेच्या शब्दाला हात न लावता फ्लिपची जीपीआयओ मल्टिमीटरने दोन्ही स्थितींत मोजावी.