ब्रशच्या फॉन्टात पाकीट छापण्याआधी: सांगलीतल्या छोट्या उद्योजकांसाठी तयारीची यादी

भडंगाचं नवं पाकीट काढायचं असो की तासगावच्या बेदाण्याची भेटपेटी, ब्रशनं लिहिल्यासारखा खेळकर फॉन्ट घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पेंटरच्या हाताचा गोडवा छापील मालावर तोच आणतो. मात्र डिझायनरकडे जाण्याआधी पाकिटावरचा सगळा मजकूर शुद्ध लिहून काढा आणि तोच त्या फॉन्टात टाइप करून बघा. वेबसाइटवरच्या सुबक नमुन्यावर भाळू नका. 'हळद', 'द्राक्ष', 'कृष्णाकाठ', 'दुसऱ्या' हे शब्द लावून बघा. ळ आहे का, 'दुसऱ्या'तला अर्धा र नीट जुळतो का, कृ खालच्या ओळीला धडकत नाही ना? ल पाकळीचा आणि श देठाचा हवा. बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात आणि ते मराठी डोळ्याला खुपतं. मग 'चटपटीत' लिहा. दोन्ही ट हुबेहूब एकसारखे आले की हातानं लिहिल्याचा भास तिथंच संपतो, म्हणून एकाच अक्षराची दोन-तीन रूपं देणारा फॉन्ट शोधा. अक्षरांमधलं अंतर वाढवून शब्द ताणू नका, शिरोरेघ तुटते.

फॉन्टचा परवाना आधी वाचा. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला 'यात्रा वन' किंवा गुबगुबीत 'मोदक' मुक्त परवान्यावर मिळतात, धंद्यासाठीही चालतात. इतर फॉन्टांना 'फुकट' म्हटलेलं असलं तरी ते बऱ्याचदा फक्त घरगुती वापरापुरतं असतं.

हा फॉन्ट फक्त नावाला आणि फार तर एका ओळीला वापरा. वजन, किंमत, घटक, तारीख, अन्न परवाना क्रमांक हे सगळं साध्या, स्वच्छ अक्षरात हवं. पाकीटबंद मालाचे २०११चे नियमही वजन, किंमत यांसारखी माहिती ठळक आणि वाचता येईल अशी मागतात. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं ब्रशमध्ये शोभतात, पत्ता आणि मुहूर्त नाही.

दुकानाची पाटी रेडियम कटिंगची, म्हणजे चिकटणाऱ्या रंगीत पट्टीतून अक्षरं कापून, करणार असाल तर कोरड्या ब्रशचे फाटके काठ असलेला फॉन्ट टाळाच. प्लॉटर, म्हणजे ती अक्षरं कापणारं यंत्र, प्रत्येक बारीक केस कापत बसतो आणि नको असलेलं रेडियम सोलताना ते तुकडे अक्षरासकट निघून येतात. भरीव, गोल टोकांचा ब्रश घ्या. फ्लेक्सला ही अडचण नाही, पण छोट्या पाकिटावर त्या बारीक फटी शाईनं भरतात.

शेवटी फाइल छापखान्यात देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी आकृतीत, बदलून द्या, नाहीतर तिथल्या संगणकावर फॉन्ट नसेल तर भलतीच अक्षरं उमटतील. मूळ टाइप केलेली फाइल वेगळी जपून ठेवा; पुढच्या वेळी किंमत बदलायची असते. एक प्रत खऱ्या मापात छापून घ्या आणि ज्यानं हा मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाला हातभर अंतरावरून मोठ्यानं वाचायला सांगा. तो नावाशी अडखळला तर फॉन्ट बदला.