समुद्रावरच्या रीलची साफसफाई घरच्या घरी कशी करावी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात नुसतं जेवणातलं मीठ नसतं, मॅग्नेशियमचे क्षारही असतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरायला लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रता पुरते. आता किनाऱ्यावरची हवा कशी असते ते आपल्याला माहीत आहेच. मासे गरवायच्या रीलच्या, म्हणजे लाइन (गळाची दोरी) गुंडाळायच्या चक्राच्या आत शिरलेला खारट थेंब तिथे कधी पुरता वाळतच नाही. ओलसर राहून तो बेअरिंग पोखरत बसतो, आणि दोन-चार महिन्यांनी हँडल फिरवताना 'खर्र' असा आवाज यायला लागला की मग आपलं लक्ष जातं.

म्हणून रीलची निगा म्हणजे दोनच गोष्टी: मीठ आत जाऊ न देणं, आणि गेलंच असेल तर ते वेळेवर बाहेर काढणं. हे घरी सहज जमतं. खडपावरून, जेटीवरून किंवा खाडीत गरवणाऱ्यांच्या हातात बहुतेक स्पिनिंग रील असतं, म्हणून इथे त्याच्याबद्दलच लिहितो. गोड्या पाण्यात, धरणावर वगैरे गरवत असाल तर हेच सगळं करा, फक्त इतक्या वेळा करावं लागत नाही.

घरी आल्यावर, जेवायच्या आधी

पहिलं काम ड्रॅगची, म्हणजे मासा ओढत असताना लाइन किती ताणावर सुटावी ते ठरवणाऱ्या ब्रेकची चकती घट्ट पिळायची. स्पूलच्या, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या रिळाच्या आत ड्रॅगचे वॉशर असतात, चकती सैल असेल तर धुताना पाणी सरळ त्यांच्यावर जातं. मग नळाची बारीक धार सोडा किंवा झाडांवर मारायचा फवारा घ्या, आणि रील बाहेरून हलक्या हाताने धुवा. बेल (लाइन स्पूलवर आणणारी तारेची कमान), तिच्या टोकाचा लाइन रोलर, हँडलचा सांधा, रील रॉडला बसतं तो पाय, या जागी जरा जास्त वेळ द्या. धुताना हँडल फिरवू नका. फिरवलं की फटीतलं खारं पाणी आत खेचलं जातं.

बादलीत बुडवायचं नाही. पुष्कळ जण प्रेमाने बुडवतात आणि तिथेच रील खराब होतं. उन्हात तापलेलं रील थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सांध्यांमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी धुवायच्या पाइपाची जोराची धारही नको, ती मीठ धुण्याऐवजी आत ढकलते. गरम पाणीही नको, त्याने ग्रीस पातळ होऊन निघून जातं.

झटकून, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून रील सावलीत वाऱ्यावर ठेवा. बाहेरून कोरडं झालं की ड्रॅग पूर्ण सैल करा. हे विसरू नका. घट्ट राहिलेले वॉशर दिवसेंदिवस दाबले जाऊन चपटे होतात, आणि पुढच्या वेळी मोठा मासा लागल्यावर लाइन सुटताना झटके देते. तांबोशीसारखा मासा पहिल्याच धावेत खडपात घुसायला बघतो, तेव्हा असा एक झटका लाइन तोडायला पुरतो.

स्पूल काढून मधला दांडा पुसा, त्याला एक थेंब तेलाचं बोट फिरवा. ब्रेडेड लाइन विणलेली असल्यामुळे धाग्यांत मीठ धरून ठेवते, तंगूस तेवढं धरत नाही. ब्रेड असेल तर मधूनमधून स्पूलमधले ड्रॅग वॉशर काढून ठेवा आणि नुसतं स्पूल अर्धा तास गोड्या पाण्यात भिजवा. पूर्ण वाळल्यावरच वॉशर परत बसवा.

लाइन रोलर: सगळ्यात लहान, सगळ्यात दुर्लक्षित

बेलच्या टोकाला ज्या छोट्या चाकावरून लाइन वळते, तो लाइन रोलर. प्रत्येक फेकीत ओली लाइन याच्यावरून घासत येते आणि आपल्याबरोबर खारं पाणी आणते. संपूर्ण रीलमध्ये सगळ्यात आधी अडकतो तो हाच. आणि तो अडकलाय हे कळतही नाही, कारण रील फिरत राहतं. लाइन मात्र न फिरणाऱ्या चाकावर घासून पीळ खाते आणि तासली जाते.

तपासायची रीत अशी: लाइनचा एक हातभर तुकडा रोलरवरून घ्या, दोन्ही टोकं धरून हलका ताण द्या आणि पुढेमागे ओढा. रोलरवर आधी मार्करने एक बारीक ठिपका करून ठेवा, म्हणजे तो फिरतोय की लाइन नुसती त्याच्यावरून सरकतेय हे डोळ्याला दिसतं. ठिपका जागचा हलला नाही तर एक स्क्रू काढून रोलर सोडवा. आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा: वॉशर, बेअरिंग किंवा प्लॅस्टिकची बुश, रोलर, पुन्हा वॉशर. कुणाचं तोंड कुठे होतं हेही पाहा. पांढरी पूड दिसली तर ती ॲल्युमिनियम गंजल्याची खूण. सगळं स्वच्छ करून, एकच थेंब पातळ तेल घालून परत लावा. रोलरवर नखाने चर लागत असेल तर साफ करत बसू नका, रोलर बदला. ती चर ब्रेड कापते.

एक अपवाद. दाइवाच्या ज्या रीलवर 'मॅगसील्ड' लिहिलेलं असतं, त्यांत चुंबकाने धरून ठेवलेलं खास तेल पाणी अडवतं. त्या सीलवर आपलं तेल पडलं की सील बिघडतं. अशा रीलच्या सील असलेल्या जागी काही घालू नका आणि ते भाग उघडायचं काम सर्व्हिस सेंटरवर सोडा.

तेल कुठे, ग्रीस कुठे

जे भरभर फिरतं तिथे पातळ तेल, जे एकमेकांवर जोराने घासतं तिथे ग्रीस. लाइन रोलर, हँडलची मूठ, बेलचे सांधे, बाहेरची बेअरिंगं यांना शिलाई मशीनचं तेल चालतं, ते कुठल्याही दुकानात मिळतं. आतल्या गिअरना मरीन ग्रीस हवं. बोटींच्या इंजिनाचे भाग विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं, त्यासाठी परदेशी ट्यूब मागवायची गरज नाही.

खोबरेल तेल मात्र घालू नका. ते २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि इतर खाद्यतेलं हवा लागून चिकट होतात. गंजलेला नटबोल्ट सोडवायचा स्प्रेही अडकलेला स्क्रू काढण्यापुरता ठीक. तो गिअरवर मारला की असलेलं ग्रीस विरघळून जातं आणि मागे टिकाऊ असं काहीच राहत नाही.

वर्षातून एकदा पूर्ण उघडणं

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत उधाणात खडपावर उभं राहणंही जिवावरचं. तेव्हा रील उघडायला हाच वेळ. हवा दमट असते एवढं लक्षात ठेवा आणि प्रत्येक भाग पंख्याखाली नीट वाळवा.

रीलच्या खोक्यात भागांचा सुटा नकाशा येतो, तो जपून ठेवा. हरवला असेल तर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने मिळतो. टेबलावर पांढरं कापड अंथरा, शेजारी बर्फाचा ट्रे ठेवा आणि निघालेला प्रत्येक भाग क्रमाने एकेका खणात टाका. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत अगदी घट्ट बसणारा हवा.

क्रम साधारण असा असतो. आधी स्पूल, मग हँडल. काही हँडल सरळ आत पिळून बसवलेली असतात आणि त्यांचे आटे बाजूनुसार उलटे असू शकतात, म्हणून हँडल सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा. नंतर रोटरचा, म्हणजे बेलसकट स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचा नट. त्याच्यावर बहुधा एक छोटी पट्टी आणि बारीक स्क्रू असतो, तो आधी काढा. रोटर निघाला की बाजूचं झाकण उघडा. आत मोठा गिअर, त्याला काटकोनात बसलेला पिनियन (लहान गिअर), आणि स्पूल वरखाली करणारी यंत्रणा दिसेल.

आता सगळ्यात जपायची गोष्ट: शिम, म्हणजे कागदासारखे पातळ वॉशर. मोठ्या गिअरच्या दोन्ही बाजूंना, बेअरिंगला लागून ते असतात आणि जुन्या काळपट ग्रीसमध्ये चिकटून बसतात. बेअरिंग काढून फडक्याने पुसलं की शिम फडक्याबरोबर जातो, आणि मग रील जोडल्यावर गिअर ढिले बसतात, करकरतात, आणि कारण सापडत नाही. प्रत्येक बेअरिंग पुसण्याआधी उजेडात धरून दोन्ही बाजू पाहा, आणि शिम कुठल्या बाजूचा होता ते लिहून ठेवा.

धातूचे गिअर रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने घासा, मग भांड्यांच्या साबणाने रॉकेलचा तेलकटपणा काढा, धुवा, वाळवा. प्लॅस्टिकच्या आणि रंगवलेल्या भागांना नुसतं साबणाचं कोमट पाणी. थिनर त्यांच्या जवळ नेऊ नका. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

बेअरिंग बॉलपेनच्या टोकावर अडकवा आणि बोटाने फिरवा. हाताला खरखर लागली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवा, वाळवा, एक थेंब तेल घालून पुन्हा फिरवा. तरीही खरखर राहिली तर बदला. मापं तीन असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ती सांगून स्टेनलेस स्टीलचं बेअरिंग मागा.

पिनियनच्या वर एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो. जुन्या किंवा स्वस्त रीलमध्ये त्याच्या जागी सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसे कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके असतात, त्यांना किंचित ग्रीस चालतं. पण बारीक रोळ असलेल्या क्लचला ग्रीस अजिबात लावू नका. ग्रीसमध्ये रोळ घसरतात आणि हँडल उलटं फिरतं, नेमकं मासा लागलेला असताना. तो घसरत असेल तर अल्कोहोलने धुवून वाळवा आणि तेलाचं नुसतं ओलं बोट लावा.

जोडताना गिअरच्या दात्यांवर लहान ब्रशने ग्रीसचा पातळ थर द्या. गिअरची पोकळी ग्रीसने भरून टाकली की हँडल जड फिरतं. स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियमच्या बॉडीत खाऱ्या ओलीमुळे धरून बसतात, म्हणून प्रत्येकाच्या आट्यांना टोकाने ग्रीस लावा. झाकण लावण्याआधी हँडल हाताने फिरवून पाहा, आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा.

ड्रॅग

ड्रॅगचे वॉशर नमद्याचे किंवा कार्बन फायबरचे असतात. नमद्याचे झिजून चकाकायला लागले की बदलायचे. कार्बनचे अल्कोहोलने पुसून, कंपनीने सांगितलं असेल तर ड्रॅगचंच ग्रीस अगदी पातळ लावायचं. गिअरचं ग्रीस इथे नको. धातूचे वॉशर आणि हे नमद्याचे किंवा कार्बनचे वॉशर एकाआड एक, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने.

शेवटी ताणकाटा घ्या. लाइन रॉडच्या कड्यांमधून काढून काट्याला बांधा आणि हळू ओढा. स्पूल सुटायला लागतं तेव्हाचा आकडा लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश असावा, म्हणजे ९ किलोच्या लाइनला साधारण सव्वादोन ते तीन किलो. काटा एका जागी स्थिर राहिला पाहिजे. तो उड्या मारत असेल तर वॉशर पुन्हा काढून पाहा.

रील पूर्ण पाण्यात पडलं तर

वर्षाच्या सर्व्हिसची वाट पाहू नका, त्याच रात्री उघडा. लाटेत वाळूवर पडलं असेल तर हँडल एकदाही फिरवू नका, वाळू दात्यांत दळली जाते. तेवढ्या रात्री सगळं उघडायला जमणार नसेल, तर निदान स्पूल, हँडल आणि बाजूचं झाकण काढा, आतून गोड्या पाण्याने धुवा, त्यावर अल्कोहोल ओतून पाणी घालवा आणि भाग सुटे करून पंख्याखाली ठेवा. बेअरिंगांना तेल घालून ठेवलं तर बाकीची जोडणी रविवारपर्यंत थांबू शकते.