ऑर्डरी ढीगभर, हातात काही नाही: जॉब कॉस्टिंगमधल्या या चुका टाळा

भोसरी-चाकणच्या जॉब शॉपचे (ऑर्डरीप्रमाणे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपचे) हिशेब बघण्यात माझी वीस वर्षं गेली. मशिनं बदलली, चुका त्याच आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मटेरियलच्या किमतीवर टक्केवारीनं ओव्हरहेड (वीज, भाडं, घसारा असा एका जॉबला थेट न जोडता येणारा खर्च) लावणं. एका शॉपमध्ये सरसकट ४०% लावायचे. स्टेनलेसच्या रिंगांचा जॉब आला: मटेरियल ५०,०००, लेथवर ६ तास. ओव्हरहेड लागला २०,०००. त्याच आठवड्यात माइल्ड स्टीलचं एक फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायचं साधन): मटेरियल ५,०००, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) ३० तास. ओव्हरहेड २,०००. आता लेथचा तासाचा खरा खर्च २५० आणि व्हीएमसीचा ६००. म्हणजे रिंगांवर १,५०० पडायला हवे होते आणि फिक्स्चरवर १८,०००. रिंगवाल्या पार्टीला कोटेशन महाग वाटलं, ती गेली. फिक्स्चरवाली मात्र दर महिन्याला हजर. मालक कौतुकानं सांगायचे, "आपल्याशिवाय कुणाकडे जातच नाहीत बघा." जातील कशाला? दर ऑर्डरीला १६,००० आपल्याच खिशातून जात होते. मार्चमध्ये टर्नओव्हर वाढलेला आणि सीसी (बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) फुल्ल. मालकांनी पहिला संशय घेतला तो बिचाऱ्या स्टोअरकीपरवर.

म्हणून मी प्रत्येक मशीनचा तासाचा दर वेगळा काढतो. तो काढतानाही लोक घाई करतात. त्या व्हीएमसीचा घसारा, वीज, ऑपरेटर, शेडभाड्यातला वाटा धरून महिन्याचा खर्च ७८,०००. रोज ८ तास, २६ दिवस म्हणजे २०८ तास, दर आला ३७५. कागदावर छान. पण ड्रॉइंगची वाट, मेंटेनन्स, वीज गेली, ऑपरेटर गावाला गेला, हे सगळं वजा जाता जॉबच्या नावावर पडणारे तास, सेटिंग (मशीन त्या जॉबसाठी तयार करणं) धरूनही, १३०. दर ६००. उलट मंदीत ८० तासच भरले म्हणून दर ९७५ वर नेऊ नका, नाहीतर आहे ते कामही जाईल. मालसाठ्याचं मूल्य कसं धरायचं ते सांगणारं अकाउंटिंग स्टँडर्ड २ सुद्धा स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवरच वाटायला सांगतं. मी मागच्या १२ महिन्यांची सरासरी धरतो. रिकाम्या तासांचा खर्च पार्टीच्या माथी मारत नाही.

बाकीच्या चुका किरकोळ दिसतात, पण बोचतात. मटेरियल धरताना तयार नगाचं वजन घेऊ नका, कापलेल्या बारचं घ्या (स्टीलचा गोल बार असेल तर मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला किलो) आणि बरीचे (कापताना निघालेल्या भुग्याचे) पैसे त्याच जॉबला वजा द्या. एका नगाच्या ऑर्डरीला शंभर नगांचा भाव लावू नका, सेटिंग तेवढीच लागते. हीट ट्रीटमेंटला नेण्या-आणण्याचं टेंपोभाडं कोटेशनमध्ये हवंच. रीवर्कचे तास दुसऱ्या जॉबवर ढकलणाऱ्याला मी माफ करत नाही.

आणि जॉब कार्डं, म्हणजे कुठल्या जॉबवर किती तास गेले ते लिहायचे कागद. शनिवारी संध्याकाळी आठवड्याची कार्डं एकाच पेनानं भरलेली दिसली की मी ती वाचतच नाही. सगळीकडे तास ४, ८ नाहीतर १२. नवी पोरं विचारतात, "सर, यासाठी ॲप नाही का?" आहे ना, पण त्यातही तास भरणारा तोच शनिवारचा माणूस. मी प्रत्येक मशीनला सुतळीनं पेन्सिल बांधतो आणि सेटिंग कधी सुरू झाली, कधी संपली, ते तिथंच उभ्या उभ्या लिहायला लावतो. महिन्याला दोन-तीन पेन्सिली गायब होतात. त्या ओव्हरहेडमध्ये धरल्यात.