अष्टविनायक सायकलवर: रात्रीचा मुक्काम कसा ठरवावा

अष्टविनायक सायकलने करणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "दिवसाला किती किलोमीटर?" मी आणि माझी नणंद, दोघींची पन्नाशी उलटलेली, दोनदा ही यात्रा करून आलो. माझं सांगणं एकच: आधी मुक्काम ठरवा, किलोमीटर त्यांच्यामागून येतात.

आमचे मुक्काम असे होते. पुण्याहून निघून थेऊरचं दर्शन घेऊन पहिली रात्र मोरगाव, दुसरी सिद्धटेक, तिसरी रांजणगाव, चौथी ओझर. पाचव्या दिवशी सकाळी लेण्याद्री चढून माळशेज घाट उतरलो आणि मुरबाडला लॉजवर राहिलो. सहावी रात्र महड, सातवी पाली. शास्त्राप्रमाणे यात्रा मोरगावला सुरू होते आणि तिथेच संपते. ते पाळायचं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

देवस्थानांची भक्तनिवासं ही आपली मुख्य सोय. पण निघण्याआधी घरी बसून फोन करा आणि चार गोष्टी विचारा: खोली आधी राखून ठेवतात की आल्यावरच देतात, एकट्या माणसाला देतात का, सायकल कुठे ठेवायची, आणि पहाटे फाटक किती वाजता उघडतं. दुसरा प्रश्न विसरू नका. बऱ्याच ठिकाणी एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत. पहिल्या खेपेला नणंद गुडघ्यामुळे एक दिवस मागे राहिली होती. मी एकटीच एका भक्तनिवासात पोचले, तर आधार कार्ड दाखवूनही खोली मिळाली नाही. अंधार पडत होता, पाय थरथरत होते आणि मला रडू आलं. शेवटी देवळासमोर फुलं विकणाऱ्या मावशींनी घरी नेलं. तेव्हापासून प्रत्येक गावात दुसरी एक जागा वहीत लिहून ठेवते. आधार कार्ड मूळच न्या, फोनमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. संकष्टीला, त्यातून अंगारकी आली तर, आणि भाद्रपद व माघातल्या चतुर्थीला खोलीची आशाच धरू नका. शनिवार-रविवारही भरलेले असतात. आम्ही रांजणगाव आणि ओझर मुद्दाम मधल्या वारी येतील असे बसवले.

मुक्कामी पाचच्या आत पोचायचं, हा आमचा नियम. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि तोच उसाचा हंगाम. दौंड-शिरूर पट्ट्यात कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर एकामागे एक, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि कित्येकींना मागे लाल दिवासुद्धा नाही. जुन्नर तालुक्यात उसात बिबटे आहेत. तिथे तिन्हीसांजेला सायकलवर असणं मला बिलकूल मान्य नाही. उशीर होतोय असं चारलाच दिसलं तर पुढचं गाव धरा आणि ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या पुजाऱ्यांना विचारा. एकदा दोन पंक्चर झाल्यावर आम्ही मारुतीच्या सभामंडपात झोपलो. गावातल्या बायकांनी सतरंजी आणि घोंगडी आणून दिली, सकाळी चहासुद्धा पाजला. असं कुणी केलं तर जाताना मंडप झाडून द्या आणि दानपेटीत यथाशक्ती घाला.

आता सायकल. तळमजल्याची खोली मागा. "सायकल आत घेऊ का?" असं विचारण्याआधी जुन्या फडक्याने चाकं पुसा आणि खाली पसरायला पोतं दाखवा. चिखलाची चाकं पाहिली की व्यवस्थापक नाहीच म्हणणार, आणि त्यांचंही बरोबर आहे, फरशी त्यांनाच पुसायची असते. बाहेरच ठेवावी लागली तर दोन सायकली एकमेकींना आणि खिडकीच्या गजाला कुलपाने बांधा. दिवे, पंप, पिशव्या काढून खोलीत न्या.

खोलीत शिरल्यावर आडवं व्हायचा मोह होतो. तो आवरा. आधी कपडे धुवा, कारण रात्रभरात वाळायला वेळ लागतो. पिळल्यावर कोरड्या टॉवेलात घट्ट गुंडाळून वरून पाय द्या, निम्मं पाणी तिथेच निघतं. तीन मीटर नायलॉनची दोरी जवळ असू द्या. गरम पाणी बहुतेक ठिकाणी सकाळी ठरावीक वेळीच मिळतं आणि तोवर आपण निघालेलो असतो. म्हणून आम्ही संध्याकाळी गार पाण्यानेच आंघोळ करून दर्शनाला जात असू. त्या वेळी गर्दी ओसरलेली असते. मोरगावला दिवसभर ऊन खाऊन आल्यावर गाभाऱ्यातला गारवा अंगाला लागला, तेव्हा आम्ही दोघी कितीतरी वेळ काहीच बोललो नाही.

महाप्रसादाची वेळ आल्या आल्या विचारा, चुकली तर छोट्या गावात आठनंतर जेवण मिळणं कठीण. सामायिक हॉलमध्ये झोपणार असाल तर पातळ चादर, कानात घालायला कापूस आणि तीन पिनांचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. चाळीस माणसांत दोनच प्लग असतात आणि तुमच्या बोर्डामुळे शेजाऱ्यांचीही सोय होते.

झोपण्यापूर्वी चाकं दाबून बघा. काटा घुसलेला असेल तर हवा हळूहळू जाते आणि ते पहाटे निघताना कळतं. रखवालदारांना रात्रीच सांगून ठेवा, "काका, आम्ही पावणेसहाला निघू." नाहीतर सायकली कुलूपबंद फाटकाच्या आत आणि काका गाढ झोपेत.