परदेशी व्यवहारात पैसे अडकतात ते घाईमुळे: बडोद्याच्या लघुउद्योजकांनी या चुका टाळाव्यात

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील उद्योजक नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्यापूर्वी त्याचा जीएसटी क्रमांक तपासतो, ओळखीच्या दोघातिघांकडे चौकशी करतो आणि जमल्यास त्याच्या शेडवर चक्करही मारून येतो. तोच उद्योजक चीनमधील ग्वांगझौच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला गेला, की चकचकीत स्टॉल आणि जाड व्हिजिटिंग कार्ड पाहून तीस टक्के आगाऊ रक्कम भरायला तयार होतो, कारण परतीचे विमान दुसऱ्या दिवशी असते. आयात-निर्यातीची कागदपत्रे सांभाळताना मी पाहिलेली बहुतेक फसवणूक अशाच घाईत झालेली आहे.

चौकशी तिथे पोहोचल्यावर करू, असे म्हणणे ही मुळातली चूक. चिनी कंपनीचे कायदेशीर नाव चिनी भाषेतच असते आणि इंग्रजी नाव केवळ सोयीसाठी वापरलेले असते. म्हणून तिच्या परवान्याची प्रत आधीच मागवावी, त्यावरील अठरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक तपासून घ्यावा आणि बँक खाते त्याच कंपनीच्या नावावर आहे ना, हे पाहावे. खाते मालकाच्या किंवा विक्री प्रतिनिधीच्या वैयक्तिक नावावर निघाले, तर कारण कितीही पटण्यासारखे असले तरी पैसे पाठवू नयेत.

याच्या उलट प्रकार म्हणजे न मागता आलेली मोठी ऑर्डर. नमुना न मागता आणि भाव न पाडता समोरचा पक्ष लाखो डॉलरची खरेदी मान्य करतो, सह्यांसाठी चीनला बोलावतो आणि तिथे गेल्यावर अधिकाऱ्यांची मेजवानी, महागड्या भेटवस्तू आणि करार नोटरी करण्याचा अर्धा खर्च पाहुण्याच्या माथी मारतो. करार अर्थातच पुढे सरकत नाही. खंडेराव मार्केटात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्या माणसाला भाव न करणारा खरेदीदार का खटकत नाही, हे मला आजवर कळलेले नाही. पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या बनावट सरकारी टेंडरांची रीत हीच असते, फक्त तिथे नोंदणी शुल्क आणि वकिलाची फी मागतात. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातील फसवणुकीच्या 419 या कलमावरून अशा प्रकारांना तेच नाव पडले आहे.

ईमेलवरून बदललेल्या बँक खात्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमचे भागीदार दुबईत असताना पुरवठादाराचा ईमेल आला, की ऑडिट चालू असल्यामुळे उरलेली रक्कम नव्या खात्यात भरावी. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, भाषाही नेहमीचीच. भागीदारांनी हॉटेलातूनच होकार कळवला आणि मी फॉर्म भरून बँकेच्या काउंटरवर उभा राहिलो. तिथे सहज पुन्हा पाहताना लक्षात आले, की पत्त्यातील इंग्रजी ‘एम’ हा एम नसून ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे चिकटून दिसत होती. जुन्या बिलावरील नंबरवर फोन केला, तेव्हा पुरवठादाराला यातले काहीच ठाऊक नसल्याचे समजले. मोठी रक्कम वाचली. मात्र आठवडाभर आधी अशाच निरोपावरून त्याच बनावट खात्यात गेलेले नमुन्यांचे पैसे परत आले नाहीत. खाते बदलल्याचा निरोप आला, की त्याच ईमेलला उत्तर न देता आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरवर बोलूनच खात्री करावी.

निर्यातदारांनी स्विफ्टची, म्हणजे बँकांमधील परदेशी पैसे पाठवण्याच्या संदेशाची, प्रत म्हणजे पैसे जमा, असे समजू नये. ती संगणकावर सहज बनवता येते. आपल्या बँकेत रक्कम दिसेपर्यंत मूळ बिल ऑफ लेडिंग (माल ताब्यात घेण्यासाठी लागणारा जहाज कंपनीचा कागद) हातातून सोडू नये. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी, आले असेल, तर ते आपल्या बँकेमार्फत खरे असल्याची खात्री करून घ्यावी. पुढच्या तारखेच्या चेकवर उधारी द्यायचीच असेल, तर आधी ईसीजीसी या निर्यात पतविम्याच्या सरकारी कंपनीकडे विमा मिळतो का ते पाहावे, कारण खरेदीदाराची पत तपासणे हे त्यांचे रोजचे काम आहे.

प्रवासातील लहान गोष्टींविषयी थोडक्यात सांगायचे, तर कार्ड मशीनने रुपये की स्थानिक चलन असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे आणि ओटीपीसाठी भारतीय सिमचे रोमिंग चालू ठेवावे. आपल्या बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून घ्यावा, कारण 1930 ही सायबर हेल्पलाइन परदेशातून लागेलच असे नाही. पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचे कळताच बँकेला लेखी कळवून रक्कम परत मागवण्याचा स्विफ्ट संदेश पाठवायला लावावा. यात एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी एखादा ‘वकील’ फोन करून तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो असे सांगेल आणि त्यासाठी आगाऊ फी मागेल. बरेचदा तो त्याच टोळीतला असतो, तेव्हा ती फी भरू नये आणि त्याचा नंबर पोलिसांकडील तक्रारीत जोडावा.