क्रॉनची नेमकी माहिती हवी? मॅन्युअलचा पाचवा विभाग उघडा

रोज रात्री २ वाजता बॅकअप आपोआप व्हायला हवा. ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम म्हणजे क्रॉन आणि त्याची कामांची यादी म्हणजे क्रॉनटॅब. पण या यादीच्या ओळीतले पाच रकाने कोणत्या क्रमाने भरायचे हे काही आठवत नाही. अशा वेळी कुठूनतरी तयार ओळ उचलून चिकटवू नका. क्रॉनची रूपं अनेक आहेत: व्हिक्सी क्रॉन, क्रॉनी, बिझीबॉक्समधला छोटा क्रॉन. एकात असलेली सोय दुसऱ्यात असेलच असं नाही. तुमच्या मशीनवरच्या क्रॉनची माहिती त्याच मशीनच्या मॅन्युअलमध्ये मिळते, म्हणून शोध तिथूनच सुरू करा.

टर्मिनल उघडून ‘मॅन क्रॉनटॅब’ ही कमांड द्या. पुष्कळांचा हिरमोड इथेच होतो, कारण समोर येतो तो पहिला विभाग, म्हणजे फक्त कमांडचे पर्याय. हायफन ई म्हणजे यादीत बदल करणं, हायफन एल म्हणजे ती पाहणं, हायफन आर म्हणजे अख्खी यादी पुसणं. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत आणि पुसण्यापूर्वी क्रॉनटॅब सहसा विचारत नाही. त्यामुळे एलने दिसणारी यादी आधी एका फाइलमध्ये साठवून ठेवाच.

आता ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ द्या. पाचवा विभाग फाइलींच्या रचनेचा, आणि रकान्यांचा क्रम इथे सापडतो: मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), महिन्यातली तारीख, महिना, वार. वारात ० आणि ७ दोन्ही म्हणजे रविवार. पान लांबलचक असतं. तिरपी रेघ (/) दाबून शब्द लिहा आणि एंटर दाबा. पुढच्या जागी जायला एन, बाहेर पडायला क्यू.

या पानावर तीन गोष्टी सावकाश वाचा. पहिली, तारीख आणि वार दोन्ही भरले तर दोहोंपैकी एक जुळलं तरी काम चालतं. १३ तारीख आणि शुक्रवार लिहिलंत, तर ते दर १३ तारखेला चालेल आणि दर शुक्रवारीही. दुसरी, % या चिन्हाला क्रॉनमध्ये वेगळा अर्थ आहे. कमांडमध्ये % असलेला तारखेचा साचा वापरायचा असेल तर प्रत्येक % च्या आधी बॅकस्लॅश (\) लागतो. तिसरी, क्रॉनला मिळणारा पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांची यादी) तोकडा असतो. ‘हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमधून नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा यातच असतं.

पानाचं नावच ठाऊक नसेल तर ‘मॅन हायफन के क्रॉन’ द्या. संबंधित पानांची यादी विभागाच्या आकड्यांसह येते. लिनक्सवर काहीच आलं नाही तर मॅन्युअलची सूची तयार झालेली नसावी. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘मॅनडीबी’ चालवून पुन्हा पाहा.

एकदाच करायच्या कामासाठी ‘अ‍ॅट’चं पान वाचा. रात्री बंद राहणाऱ्या मशीनसाठी ‘अ‍ॅनाक्रॉन’चं. मॅकओएसवर असं काम लाँचडी हा प्रोग्राम करतो, त्यासाठी ‘लाँचडी डॉट पीलिस्ट’ हे पान बघा. सिस्टिमडी (सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या लिनक्सवर ‘सिस्टिमडी डॉट टायमर’ आणि ‘सिस्टिमडी डॉट टाइम’ ही दोन पानं जोडीने वाचावीत. वेळ बरोबर लिहिली का, हे ‘सिस्टिमडी हायफन अ‍ॅनालाइझ कॅलेंडर’ या कमांडपुढे ती वेळ अवतरणचिन्हांत देऊन तपासता येतं. काम पुढे नेमकं कधी चालेल, ते ती सांगते.