टॅब घ्यायचा की छोटा लॅपटॉप? आधी आठ दिवस वही लिहा

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक उठली आणि गटातली एक धाकटी सून माझ्या मागोमाग पायरीपर्यंत आली. "अक्का, पिशवीत मावतो तसला टॅब घेऊ की छोटा लॅपटॉप? वीस हजारांच्या वर जमणार नाही बघा."

आमचं गाव बेळगावहून खानापूरकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. गटाचा हिशेब आणि वार्षिक सभेचा अहवाल माझ्याकडे असतो. हिवाळ्यात साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेचं टायपिंगही मीच करते. दोन्ही यंत्रं रोज हाताखालून जातात, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

दुकानात जायच्या आधी आठ दिवस एक वही ठेवा. यंत्रावर जे जे काम केलं असतं, ते एका ओळीत टिपा आणि पुढे खूण करा. वाचायचं असेल तर 'वा', फोटो काढायचा किंवा फॉर्म भरायचा असेल तर 'फो', लिहायचं असेल तर 'लि'. पण अर्ध्या पानाहून जास्त मजकूर असेल तरच 'लि' धरा. व्हॉट्सॲपवर उत्तर पाठवणं हे लिखाण नव्हे. त्या सुनेच्या वहीत एकोणीस ओळी झाल्या, त्यात 'लि' फक्त दोन. माझी जानेवारीतली वही काढली तर रोज 'लि' आहे. दोघींना एकच यंत्र कसं चालेल?

हा फरक मला 2008 साली कळला. तेव्हा मी शहापुरात एका डीटीपीच्या दुकानात कामाला होते. मालकांनी आसूसचा सात इंची ई-पीसी, म्हणजे छोटा लॅपटॉप, आणला होता, वजन किलोच्या आतलं. त्यांचा पुतण्या नोकियाचा एन800 खिशात घालून यायचा. त्याला तेव्हा इंटरनेट टॅबलेट म्हणायचे. पडदा चार इंचांहून जरासा मोठा. गंमत अशी की दोन्ही पडद्यांवर ठिपके अगदी तितकेच होते, 800 आडवे आणि 480 उभे. कागदावर दोन्ही सारखे! पण पुतण्या त्यावर बातम्या वाचायचा, आणि लग्नपत्रिकांचा मजकूर मात्र मी लॅपटॉपच्या आखूड कळांवरच बडवायची. तेव्हापासून जाहिरातीतले आकडे मी शेवटी बघते. आपल्या गटाच्या वहीचं एक पान दुकानात घेऊन जा. ते पान उभ्या उभ्या पाच मिनिटं टाइप करून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पैसे तुमचे आहेत.

आता आपल्या भागाची खरी अडचण सांगते. आपल्याला तीन लिप्या लागतात. घरात आणि संमेलनात मराठी, पंचायतीत आणि तहसीलदार कचेरीत कन्नड, बँकेत इंग्रजी. टॅबच्या पडद्यावर पृथ्वीगोलाची कळ दाबली की समोरची अक्षरंच बदलतात, शोधावं लागत नाही. लॅपटॉपच्या कळांवर इंग्रजी छापलेलं असतं आणि नवशिकी बाई तिथेच घाबरते. पण एक गोष्ट फार थोड्या जणांना ठाऊक आहे. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी. तिच्यात भारतीय लिप्यांची अक्षरं त्याच त्याच जागी असतात. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत क, आणि कन्नड निवडलं की कन्नड क. 'जे'वर र, 'एल'वर त, दोन्हींत. मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट शिकले, रोज अर्धा तास. पुढे पंचायतीला कन्नडमध्ये अर्ज द्यायचा झाला तेव्हा बोटं आपोआप चालली. लिहायचं काम असेल तर हा अभ्यास कराच. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोयही असते, पण तिच्यात जोडाक्षरं अडतात आणि वेग येत नाही.

कन्नड नोटीस आली तर मात्र टॅब बरा. मागचा कॅमेरा कागदावर धरला की भाषांतराचं ॲप मराठीत मतलब दाखवतं. लॅपटॉपचा कॅमेरा आपल्या तोंडाकडे बघत असतो, त्याला कागद कसा दाखवणार? पण त्या भाषांतरावर विसंबून सही करू नका. जमिनीच्या उताऱ्यात एका शब्दाने हिस्सा फिरतो. विषय कळण्यापुरतं ते बघा, आणि मग कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून पुरतं वाचून घ्या.

विजेचं गणित पावसाळ्यात कळतं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला वारं सुटलं की वीज गेली, कधी दुसऱ्या दिवशी येते. बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप एमएएच. 10,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 3.7 व्होल्टने गुणून 37 वॉट-तास. त्यातला साधारण तिसरा हिस्सा वाटेतच जातो. 5,000 एमएएचचा टॅब तेवढ्यात एकदा पूर्ण भरून थोडा वरही भरतो. लॅपटॉपची बॅटरी टॅबच्या दुप्पट असते, ती पुरी भरत नाही. शिवाय गोल पिनचा चार्जर असलेला लॅपटॉप पॉवर बँकेला लागतच नाही. टाइप-सीवर, म्हणजे हल्लीच्या फोनच्या वायरवर, चार्ज होतो का, हे दुकानात वायर लावून बघा, नुसतं तोंडी विचारू नका. टॅब घेताना सिमची जागा असलेलाच घ्या, नाहीतर दर वेळी फोनचं हॉटस्पॉट चालू करत बसाल.

सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. माझा पहिला तसलाच होता, आत साठवण फक्त 32 जीबी, तीही बोर्डाला डकवलेली. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री अपडेट सुरू झाला आणि 'जागा नाही' म्हणून मध्येच अडकला. सत्तावीस बायकांचा व्याजाचा हिशेब आत, आणि यंत्र उघडेना. रात्री दीडपर्यंत जागून मी तो वहीवरून परत हाताने मांडला, डोळ्यांत पाणी होतं. विंडोज 11ला किमान 4 जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि 64 जीबी जागा लागते, पण किमानावर कुणाचं काम सुखाने होत नाही. 8 जीबी रॅम आणि बदलता येणारी एसएसडी, म्हणजे साठवणीचा सुटा भाग, असेल तरच पैसे मोजा.

तेवढ्या पैशांत कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप चांगला मिळतो. फक्त इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा, कारण विंडोज 11ला तो लागतो आणि विंडोज 10ची सेवा 14 ऑक्टोबर 2025ला थांबली. चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा, प्रत्येक कळ एकेकदा दाबा, बिजागरी ढिली नाही ना ते पाहा, आणि पक्कं बिल घ्या.

त्या सुनेने सिमचा आठ इंची टॅब घेतला. दोन 'लि' कामांसाठी ती रविवारी माझ्याकडे येते आणि माझ्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट शिकते. काल तिने न बघता 'रताळी' लिहिलं.